सोलरवरच्या कुरड्या

वरूडच्या खुशालरावांचं भाकीत आजवर कधी चुकलेलं नाही. हे त्यांनीच मला सांगितलंय, तेव्हा शंका नको. पाऊस, संत्र्याचा भाव, कोणाची म्हैस कधी व्यायची, सगळं ते पारावर बसून सांगतात. बागेत सोलरचा पंप बसला, त्या दिवशी म्हणाले, "येत्या अखजीपर्यंत माह्या सोलरचं पानी लाईनच्या पान्याहून सस्तं पडते. नाही पडलं तं जिंदगीत पुन्हा भाकीत सांगनार नाही!" अखजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया.

शेजारच्या बागेत लाईनच्या विजेवर पंप चालवणारे नत्थुजी खूश झाले. "मंग अखजीपासून गावात शांतता हाय म्हना की!"

हिशोब सोपा होता. सोलरच्या प्लेटांचा खर्च भरलेल्या टाक्यांवर वाटायचा. टाक्या जास्त, तर पाणी स्वस्त. माघात पंपानं असा जोर धरला की टाक्यांतले बेडूक वाहत थेट लांबच्या तिवशाला निघाले.

पण चैत्रात झाडावरच्या संत्र्यांचा मुरंबा व्हावा असं ऊन, अन् पंपाची धार करंगळीएवढी. खुशालरावांचं जेवण तुटलं. गप्प बसायची सवय व्हावी म्हणून बिचारे आतापासूनच तोंडात सुपारी धरून बसायचे.

अखजीला भर दुपारी नत्थुजी मला घेऊन हिशोब ऐकायला गेले. खुशालराव नेहमीच्या वामकुक्षीत. आम्ही प्लेटांकडे वळलो, तर प्लेटा दिसतच नव्हत्या! वर कुरड्या, काडीवर वळलेले सरगुंडे, पापड. अन् खुशालरावांच्या पत्नी, मनकर्णावहिनी, ते उलटवताहेत.

"वहिनी, हे काय?" मी विचारलं.

"वाळवन. खाली कोंबड्या तोंड घालतात. ह्या प्लेटा तापतात बी झकास. महिना झाला, साऱ्या गल्लीचं इथंच वाळून राह्यलं."

खुशालराव डोळे चोळत आले अन् ओरडले, "अवं, तुह्या कुरड्यायनं प्लेटा झाकल्या अन् माही जबान बंद केली!"

"केलीच," नत्थुजी हसले. "पानी महागच पडलं."

"कावून भाऊजी?" वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "हिशोबात वाळवन धरलं काय? तुमच्या लाईनच्या तारीवर चार कुरड्या वाळवून दाखवा."

त्यांनी एक अर्धवाळली कुरडी नत्थुजींच्या हातावर ठेवली. नत्थुजींनी ती चावली मात्र, त्यांच्या खिशातला चार्जिंग संपून मेलेला मोबाईल टुणकन जिवंत झाला! मी बाजूलाच होतो.

नत्थुजींनी दुसरी उचलली. "वाळवन धरलं तं... सस्तं पडते बाप्पा."

खुशालरावांनी सुपारी थुंकली अन् मांडीवर थाप मारली. "आता ऐका! पुढच्या दिवाळीले..."




"सांग," नत्थुजी म्हणाले, "पन पहिले सरगुंडे इकडं सरकव."