तीनदा फुंकणारी गाय

"हे माही गाय नाई!" झुंबरबाई एवढ्या मोठ्यानं ओरडली की कोंडवाड्यातली बकरीसुद्धा गप्प झाली.

अरे, हसू नका, ऐका तरी! गाय तिचीच होती, समोर उभी होती. ती ओरडली माझ्या लिहिण्यावर. मी दुसरबीडच्या कोंडवाड्याचा नवा कारकून. दुसऱ्याच्या शेतात शिरलेलं जनावर कोणी हाकलून आणलं, की सरकारी रजिस्टरात त्याचं वर्णन लिहायचं आणि मालक आला की खुणा ताडून पाहायच्या. पण मी पडलो व्हर्नाक्युलर फायनल पास, निबंधात पहिला! खामगावच्या एका साप्ताहिकाला तीन लेख धाडले होते, तिन्ही परत. शेवटच्यावर संपादकांनी लिहिलं होतं, 'अक्षर सुंदर. बाकी सगळं आधी कुठंतरी वाचल्यासारखं.' असा राग आला होता ना! मग लिहायची सगळी हौस रजिस्टरात भागवायचो.

त्या गाईपुढे लिहिलं होतं, 'तांबूस कांतीची, शांत मुद्रेची, मृगनयनी, जणू प्रत्यक्ष कामधेनू.'

आता किसनरावांचीही तांबडी गाय हरवलेली. मोठे शेतकरी ते. त्यांना आधी वाचून दाखवलं, तर गाईकडं लांबूनच एक नजर टाकून म्हणाले, "बराबर! हेच माही." मग आली झुंबरबाई. एकटी बाई, त्या एका गाईच्या दुधावर घर चालवणारी. तिलाही तेच वाचून दाखवलं आणि ती ओरडली!

"हे देवळातली गाय लेह्यली तुनं. माही मारकी हाय!"

किसनराव लगेच उठले. "आयकलं ना बाबू? ते सोताच म्हन्ते तिची नाई. सोड माही गाय."

कागदावर तर त्यांचंच खरं होतं! माझ्या त्या मृगनयनीपायी बाईची गाय चालली होती.

"मावशी," मी म्हणालो, "मी गाईचंच लिहिलंय हो."

"तुनं तिले पाह्यलं तरी का?"

काय सांगू? नव्हतं पाहिलं. खुर्चीतूनच लिहिलं होतं, फाटकातून तांबडा रंग दिसला तेवढ्यावर.

"मग तुमीच सांगा, कशी हाय?" बघा, घाबरलो की माझी घरची बोली बाहेर येते.

"दूध काढाले डाव्या अंगानं बसलं तं लाथ मारते. अन् पानी पेयाच्या आधी तीनदा फुकते."

"फुकते म्हने!" किसनराव हसले. "गाय हाय का चूल पेटवनारी बाई?"

मी बादली भरली. गाईनं मान खाली घातली. फूं. पाणी हललं. फूं. मी बोटांवर मोजत होतो. थांबली, माझ्याकडं पाहिलं, आणि फूं! मगच तोंड लावलं.

किसनरावांनी पागोटं सारखं केलं. भला माणूस, बरं का. "माही तं बादलीत शिंगासकट घुसते," म्हणाले. "ने माय, तुहीच हाय."

मी जुनी ओळ खोडली. गाईभोवती तीन चकरा मारल्या, एक लाथही खाल्ली, मग लिहिलं. तेव्हापासून जनावराभोवती फिरल्याशिवाय टाक उचलत नाही. आणि त्या गाईवर चौथा लेख धाडलाय, आपण बोलतो तसाच लिहून. दीड महिना झाला, अजून परत आलेला नाही बे!

पण खरं सांगायचं ते पुढंच आहे. परवा भर उन्हात झुंबरबाई आली. दाराशी बसली.

"गाय गेली, बाबू. पान लागलं."

साप चावला की आपल्याकडं असंच म्हणतात, सापाचं नाव घेत नाहीत.

"ते लेह्यलेलं हाय का तुयापाशी? वाच जरा."

मी रजिस्टर काढलं. वाचलं. 'गाय, तांबडी. डाव्या कानाला चीर, शेपटीचा गोंडा अर्धा. डावीकडून कोणी बसलेलं तिला चालत नाही. पाणी पिण्याआधी तीनदा फुंकते आणि तिसऱ्या फुंकरीआधी माणसाकडं बघते.'

"कोन्ती ओळ?" तिनं विचारलं.

मी बोट ठेवून दाखवली. तिनं हात लुगड्याला पुसला आणि त्या ओळीवर ठेवला, पाठीवर ठेवावा तसा, अलगद. बराच वेळ.

"हाव," म्हणाली. "हे माही गाय."