मध्यांतरानंतरचा सिनेमा

तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात रत्नदीप मढी फाडायच्या कामावर होता. डॉक्टरनं सांगायचं आणि यानं करवत चालवायची, अशी अकरा वर्षं गेली. विहिरीत फुगलेली, ट्रकखाली चेंदा झालेली, कुऱ्हाडीनं डोकं उघडलेली, सगळी त्याच्या हाताखालून गेली होती. आणि असा हा बाबा रविवारी काय करायचा, तर जुन्नरला जाऊन मारधाडीचा सिनेमा बघायचा.

"रोजचं रगत पुरत न्हाई का तुमाला?" बायको प्रतीक्षा कातावायची.

"आगं, तिथलं मेलेलं मला शिवावं लागत न्हाई."

हिंदीत बोलणाऱ्या एका इंग्रजी सिनेमाचा पहिला भाग त्यानं चारदा पाहिला होता. त्यात शेवटी व्हिलन उकळत्या लाव्ह्यात पडला होता. अठ्ठ्याण्णव साली दुसरा भाग आला, आणि पहिल्या दहा मिनिटांत तोच व्हिलन, नुसता एक कान गमावून, हसत हजर! लोकांनी शिव्या घातल्या. रत्नदीपनं शिट्टी मारली. मेलेला माणूस परत येतो, याहून मोठी मजा त्याला ठाऊक नव्हती. अक्कल नको, अर्थ नको. दोन तास नुसती धमाल हवी होती.

पडद्यावर डोकी आपटत होती, बोटी पेटत होत्या. हिरोचा दोस्त कड्याला एका हातानं लोंबकळला, व्हिलननं त्याच्या बोटांवर बूट रोवला, आणि मध्यांतर झालं. दिवे लागले तर दारात पोलीस.

"चला राव, खोडद गावची बॉडी आलीय. अंधार पडायच्या आत उरकायचीय."

रत्नदीपला रडू यायचंच बाकी राहिलं.

बॉडी संपतची, वय चोवीस. शेताला पाणी द्यायच्या पाळीवरून सकाळी चुलतभावानं कोयत्यानं नऊ वार केले होते. संपतनं हात आडवा धरला असणार, कारण उजव्या हाताची तीन बोटं नव्हती. एक वार मानेत, थेट हाडापर्यंत. रत्नदीपनं छाती फाडली, कवटी उघडली, पुन्हा सगळं शिवलं. मानेचा टाका दोनदा उसवला.

बाहेर पायरीवर संपतचा बाप धर्माजी बसला होता. हवालदार खिशातल्या वस्तू वाचून दाखवत होता: कंगवा, चावी, सिनेमाचं तिकीट. तिकीट कालचं, त्याच थेटरचं.

धर्माजीनं येऊन रत्नदीपचा हात धरला. "रातच्याला पोरगं सांगत व्हतं, आप्पा, लई भारी पिच्चर हाय, ऐका तरी. म्या म्हनलं, गुमान झोप. हवालदार म्हनत्यात, तुमी त्योच बघत व्हता. भाऊ, काय व्हतं त्यात?"

रत्नदीप शेजारी बसला आणि सांगू लागला. लाव्हा, तुटका कान, पेटलेल्या बोटी, सगळं. कड्यापाशी आल्यावर तो थांबला.

"मंग? त्या दोस्ताचं काय झालं?"

रत्नदीपला संपतचा बोटं तुटलेला हात दिसला.

"वाचला," तो म्हणाला. "हिरोनं वर वढला त्याला. बोटंबी शाबूत ऱ्हायली."

"संपतनं बघितलं आसंल ना त्ये?"

"तर! त्यानं पुरा बघितलाय."

"बरं झालं," म्हणत धर्माजी हमसून रडला.

पुढच्या रविवारी प्रतीक्षानंच विषय काढला, "जायचं न्हाई का? अर्धा ऱ्हायलाय ना?"

रत्नदीप गेला नाही. पडद्यावर तो दोस्त खाली पडला तर?