काचेचं नवं कॅबिनेट

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. माझ्या चकचकीत अंगावर जाऊ नका, मित्रांनो. ते मला फार उशिरा मिळालं. माझा जन्म दुरुस्तीच्या दुकानातल्या एका टेबलावर झाला. बंद पडलेल्या तीन कॉम्प्युटरांचे धड राहिलेले भाग जमवून दुकानदाराने मला उभं केलं. म्हणजे मी तसा जन्मतःच म्हातारा.

एका रंगाऱ्याने मला लेकीच्या अभ्यासासाठी घरी नेलं. लेकीला घरात चिमी म्हणत. अभ्यास व्हायचा, मी साक्ष देईन. पण संध्याकाळ खेळाची असायची. चिमीची जिवलग मैत्रीण दूरच्या शहरात राहायला गेली होती. दोघी माझ्या पडद्यावरच्या खेळात भेटायच्या, मिळून एक गाव वसवायच्या. कानांवर हेडफोन, आणि गप्पा काही संपायच्या नाहीत. ती शेजारी राहत होती तेव्हासुद्धा एवढं बोलत नव्हतीस, असं आई चिडवायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग त्या खेळाची नवी आवृत्ती आली. मैत्रिणीकडे नवा कॉम्प्युटर होता, ती त्या आवृत्तीत खेळू लागली. चिमीने माझ्यावरही ती आवृत्ती चालवून पाहिली. माझं अंग तापलं, दमछाक झाली, पडदा जागच्या जागी थांबला. मला चांगलं ग्राफिक्स कार्ड हवं होतं, आणि त्याची किंमत ऐकून आईने विषयच बदलला. चिमीने पुन्हा हट्ट केला नाही. आपण नव्या खेळात का येत नाही, हे मैत्रिणीला सांगायची तिला लाज वाटली. ती नुसती गप्प गप्प राहू लागली, आणि ते बाबांना बघवेना.

बाबांचं आयुष्य भिंती रंगवण्यात गेलं. कळकट खोलीला रंगाचे दोन हात दिले की ती नवी होते, हे त्यांनी रोज पाहिलेलं. स्वयंपाकघरातल्या बंद पंख्याची दुरुस्ती पुढे ढकलून, चिमीला न विचारता, ते मला दुकानात घेऊन गेले आणि माझ्यासाठी काचेचं कॅबिनेट, म्हणजे नवी बाहेरची पेटी घेतली, रंगीत दिव्यांची. आतले भाग तेच राहिले. घरी येऊन दिवे लावले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता.

"आता पळेल ना गं तुझा खेळ?"

चिमीने काचेतून आत पाहिलं. तिला सगळं कळलं. "पळेल, बाबा," ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

आता रोज संध्याकाळी ती दुसऱ्याच कुणीतरी खेळलेल्या त्या नव्या खेळाचा व्हिडिओ लावते आणि हेडफोन घालून बसते. बोटं कीबोर्डवर उगाच फिरवते. बाबा हातपाय धुऊन येतात आणि मागे उभे राहून कौतुकाने बघतात. परवा त्यांनी विचारलं, "काय म्हणतेय तुझी मैत्रीण?"

चिमीने माइक तोंडाजवळ ओढला. "अगं, बाबा विचारतायत तुला," ती म्हणाली. उत्तर यायला वेळ लागेल तेवढी थांबली. मग वळून म्हणाली, "कॉम्प्युटर झकास आहे म्हणतेय."

बाबा हसत जेवायला गेले. पलीकडे कुणीच नव्हतं, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

मित्रांनो, मला आता नवं काही नको. फक्त एक ऐका. तुमच्याबरोबर खेळणारं कुणी एकदम दिसेनासं झालं, तर त्याला कंटाळा आला असं समजू नका. त्याची विचारपूस करा, आणि एखादी संध्याकाळ जुन्या खेळात परत या. चिमी आपणहून बोलावणार नाही. पण तो जुना खेळ मला अजून नीट चालवता येतो.