अमावास्येला तारीख विसरणारं मशीन

दापोड्याच्या गोडाऊनपुढे सकाळपासून जत्रा भरली होती. ट्रकवाले, हमाल, शेजारच्या बाया, सगळे एका टेबलाकडे बघत होते. टेबलावर हार घातलेला लॅपटॉप आणि समोर रामनाथ भगत. मालक केसरीनाथशेठ हात जोडून उभे. दाराशी रिक्षात त्यांची विधवा वहिनी हौसाबाई, मांडीवर कपड्यांचं बोचकं. भगताच्या सांगण्यावरून तिला कायमची माहेरी, अंजूरला, धाडत होते.

शेठची मुलगी मृणाली माझ्या भिवंडीतल्या कॉम्प्युटर क्लासला येते. तिचा फोन आला म्हणून मी धावत आले.

"दर आवस झाली का मशीन अडतंय, अन् तारीख दावतंय एक जानेवारी दोन हजार तीन!" भगत गरजला. "हौसाबाईचा नवरा सावळाराम त्याच साली गेला. बायको घरात हाय तवर त्यो सुटायचा न्हाय."

पाच वर्षांपूर्वी, त्या साली, दापोड्यात बारा माणसं गेली. बाकी अकरांना लॅपटॉप चालवता येत नसावा.

भगताने लिंबू ओवाळलं, कळफलकाच्या वरच्या कोपऱ्यात टेकवलं आणि मशीन सुरू झालं. बायांनी हात जोडले. माझं डोकं मात्र तडकलं, कारण पडद्यावर इंग्रजीत सरळ लिहिलं होतं: तारीख-वेळ गेली आहे, पुढे जायला एफ-वन दाबा. लिंबाने तेच बटण दाबलं होतं.

"शेठ, काल अमावास्येला मेन स्विच बंद होता?"

"दर आवसेला असतो. गोडाऊन बंद ठेवायची आमची रीत हाय."

"आणि लॅपटॉपची बॅटरी?"

"कवाच मेली. वायरवरच चालतो."

मी मशीन बंद करून वायर उपटली.

"कोप होईल!" भगत ओरडला.

"होऊ दे. माझ्यावर होऊ दे."

पाच मिनिटांनी वायर जोडली. मशीन पुन्हा अडलं, तारीख पुन्हा तीच.

"आज कुठे अमावास्या आहे? आता कोण आलं?"

मी खालचं झाकण उघडून रुपयाएवढा सेल काढला. "वीज नसताना मशीनमधलं घड्याळ हा चालवतो. हा संपलाय. म्हणून मशीन कंपनीने घातलेल्या पहिल्या तारखेवर जातं आणि अडतं."

मृणालीने घड्याळवाल्याकडून नवा सेल आणला. तो बसवून तारीख लावली, वायर काढून पुन्हा जोडली. मशीन न अडता सुरू झालं, तारीख आजची.

"बघा! माज्या मंत्रानं सावळाराम शांत झाला," भगत म्हणाला.

तेव्हा हौसाबाई रिक्षातून उतरली. "माज्या मालकाचं नाव घेऊ नको. जित्तेपणी त्यांनी कुनाचं काम अडवलं न्हाय, मेल्यावर कशाला अडवतील? मी कुठं जायाची न्हाय. यो घर माजा पन हाय."

केसरीनाथशेठनी खाली मान घालून तिचं बोचकं उचललं आणि घराकडे चालू लागले. भगताला कोणी निरोपही दिला नाही.

लोकहो, मशीन बिघडलं तर आधी पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा. वाचता येत नसेल तर विचारा. विचारण्यात लाज नाही. न विचारता एका बाईला घराबाहेर काढायला निघालात, लाज त्याची वाटू द्या.