जरा नीट धर ना!

मी एक चमचा बोलतोय. हसलात ना? हसा बापडे. पण मी तुमच्या ताटलीतल्या चमच्यांसारखा नुसता पत्र्याचा नाही. माझ्या जाडजूड दांड्यात दोन छोट्या मोटरी आहेत, बॅटरी आहे. हात डावीकडे थरथरला की मी उजवीकडे वळतो आणि घास सांडत नाही. निदान सांडू नये, अशी अपेक्षा आहे.

मला बनवलं मामांच्या भाचीने. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती ती. लहानपणापासून मामा-मामींकडेच वाढलेली. मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षर असं वळणदार की गिऱ्हाईक आधी पाटी बघायचं, मग दुकान. पुढे हाताला कंप सुटला. आधी ब्रश सुटला, मग घासही ओठापर्यंत पोचेना. मामी भरवायला आल्या की मामा म्हणायचे, "मला भूक नाही." भूक असायची हो! पोट खपाटीला गेलं होतं.

म्हणून स्वयंपाकघराच्या टेबलावर माझा जन्म झाला. पहिल्या दिवशी मी नेमका उलटा वळलो आणि सूप थेट मामींच्या चष्म्यावर. "वा इंजिनिअरबाई, मोहीम फत्ते!" मामा म्हणाले. हळूहळू जमलं. मामांचा कंप बदलायचा, तसं भाची मला लॅपटॉपला जोडून सुधारायची. मामा पाहुण्यांच्या पंगतीतही बसायला लागले.

तेवढ्यात कॉलेजातर्फे एक वर्ष परदेशात शिकायला जायचं निघालं. कॉलेजातल्या बाई भाचीला म्हणाल्या, "जायचं तर पुढच्याच वर्षी जा. शेवटच्या वर्षी प्रकल्प असतो, तेव्हा हलता येत नाही." झालं! तिकडचे कोणते विषय इकडे धरतील, राहायचं कुठे, थंडीला काय न्यायचं, घरात दुसरा विषय नाही. मामी मधूनच विचारायच्या, "आणि चमच्याचं कोण बघणार?"

"बघू गं," भाची म्हणायची आणि विषय बदलायची.

निवडीसाठी व्हिडिओ हवा होता. स्वतः बनवलेली वस्तू चालताना दाखवा म्हणे. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला. पण त्या दिवशी कंप नेमका वाढलेला. सूप सांडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा सांडलं. मुदत त्याच संध्याकाळी संपत होती, आणि भाचीचा तोल सुटला.

"मामा, जरा नीट धर ना!"

ज्याचा हात थरथरतो म्हणून मला बनवलं, त्यालाच ती थरथरू नको म्हणाली. मी ऐकलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा घाईघाईने म्हणाले, "हो हो, धरतो." मग दोन्ही हातांनी मला आवळून, कोपरं टेबलाला टेकवून, श्वास रोखून त्यांनी एक घास तोंडात नेला. तेवढाच एक घास तिने पाठवला. तिची निवड झाली.

त्यानंतर मामांनी मला हात लावला नाही. सगळ्यांचं आटोपलं की एकटेच बसून वाटीला तोंड लावायचे. निघण्याच्या आदल्या आठवड्यात भाचीने मला सुधारायला घेतलं, तर बॅटरी भरलेली तशीच.

"मामी, मामा हा वापरत नाही का गं?"

मामींनी मान खाली घातली. "तुझ्यासमोर जेवायची भीती वाटते त्यांना. पुन्हा सांडलं तर?"

भाची मामांच्या पायाशी बसून ढसाढसा रडली. "चुकलं माझं, मामा. तुझ्यावर ओरडले. आणि तो व्हिडिओ पण लबाडीचाच होता. मी जात नाही आता."

मामा भडकले. "खबरदार! तू राहिलीस तर प्रत्येक घासाला मला वाटेल, मी हिचं वर्ष खातोय. पचेल का मला ते?"

ती गेली, पण मनाने काही सुटली नाही. फोनवर हवापाण्याचं बोलायची, जेवणाचा विषय टाळायची.

काल मात्र मामांनी व्हिडिओ कॉल लावून फोन बरणीला टेकवून उभा केला, मला उचललं आणि सुपात बुडवलं. मी जिवाच्या आकांताने वळलो. तरी अर्धं सूप शर्टावर.

पलीकडे भाचीचा चेहरा पडला. "राहू दे ना मामा, प्लीज."

"राहू दे काय? डोळे उघडून बघ. हे असं सांडतं. हेच दाखव तुझ्या तिकडच्या सरांना. शिकायला गेलीस ना? मग चुकलेलं दाखव."

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "दाखवते. आधी काय पाठवलं होतं, तेही सांगते. मामा, अजून एक घास घेशील? रेकॉर्ड करते."

मामांनी घेतला. तोही सांडला. पण ते तिच्यासमोर जेवले, वाटी संपेपर्यंत.

माझं आता फार काही राहिलेलं नाही. एक मोटर कुरकुरते, दांडा चिकट झालाय. पोरी, तुला एकच सांगणं आहे. परत आलीस की आठवण म्हणून मला कपाटात जपू नकोस. खुशाल खोल मला, कुठे चुकलो ते शोध, आणि माझ्याहून बरा चमचा मामांच्या हातात दे. तोवर मी आहे. अर्धं सांडेन, पण अर्धं पोचवेन.