माझ्या पोटात किती वायू होता

मी नळी बोलतेय. पाण्याची नव्हे. मनगटाएवढी जाड, हातभर लांब, अ‍ॅल्युमिनियमची. माझ्या पोटात वायू असायचा. हसू नका, तो माझा आजार नव्हता, नोकरी होती.

लेथवर कातून, घासूनपुसून मला जमिनीखालच्या बोगद्यात आणून बसवलं. तिथे प्रोटॉनचा झोत माझ्या एका तोंडातून शिरून दुसऱ्यातून निघून जायचा. माझ्यात चिमूटभर हेलियम वायू सोडायचा, त्यावर प्रोटॉन आपटायचे आणि टकरीतून किती प्रतिप्रोटॉन जन्मले ते पुढच्या यंत्रांनी मोजायचं. प्रतिप्रोटॉन म्हणजे प्रोटॉनचं उलटं भावंड. दोघं भेटले की दोघंही संपतात. भाऊबंदकी काही माणसांतच असते असं नाही.

हा खटाटोप कशासाठी, तर अवकाशातही प्रोटॉन हेलियमवर आपटतच असतात आणि प्रतिप्रोटॉन होतच असतात. त्यांना आमच्याकडे ‘घरचे’ म्हणत. पण वर फिरणाऱ्या एका उपकरणाला ते अपेक्षेपेक्षा जास्त दिसले होते. हे जास्तीचे कुठले? कुणालाच न दिसणाऱ्या कृष्णद्रव्यातून आले असतील, तर ते ‘पाहुणे’. आता पाहुणे किती हे कळायला आधी घरचे किती ते माहीत नको का? त्यासाठी मी होते.

हे काम एक बाई आणि एक सर बघत. पाहुण्यांच्या शोधात बाईंचे केस पिकले होते. सरांकडे दाबाचा काटा होता. काटा बाहेर उबेत, मी आत गारठलेली. गार वायू दाटीवाटीने बसतो, म्हणून काटा सांगेल त्याहून माझ्यात अणू बरेच जास्त असत. हिशेबात तेवढे वाढवून धरायचे, त्याला ते दुरुस्ती म्हणत.

“सर, गारठ्याची दुरुस्ती राहिलीय,” बाई माझ्याशेजारी उभ्या राहून म्हणाल्या.

“बघतो मी.”

आता मला सांगा, ‘बघतो’ या शब्दावर कुणी विसंबतं का? गळक्या नळापासून मुलीच्या स्थळापर्यंत माणसं ‘बघतो’ म्हणतात. त्याचा अर्थ करतो, करीन, की नाद सोडा, हे ज्याचं त्याला ठाऊक. सरांनी त्याच दिवशी दुरुस्ती केली. बाईंना वाटलं, नेहमीसारखी टोलवाटोलवी. त्यांनी मुकाट्याने स्वतः केली. एकाच भाजीत दोघांनी मीठ घातलं आणि चव कुणीच पाहिली नाही.

झालं असं, की माझ्यात होते त्याहून बरेच जास्त अणू कागदावर मांडले गेले. एवढ्या अणूंमागे एवढेच प्रतिप्रोटॉन? म्हणजे घरचे कमी. म्हणजे वर दिसलेल्यांत पाहुणे पुष्कळ. निकाल जाहीर करायचा दिवस ठरला. झोत बंद असताना बाई खाली आल्या, माझ्यावर हात ठेवून “सापडलं गं” म्हणाल्या. माझा असा संताप झाला. आपल्या पोटात किती आहे ते आपल्यालाच ठाऊक, आणि एवढी दोन तोंडं असून बोलायची सोय नाही.

सर काटा सोडवत होते. “बरं झालं, दुरुस्ती वेळेवर केली मी,” ते म्हणाले.

“कुठली?”

“गारठ्याची. तुम्हीच तर सांगितलंत.”

“ती मी केली,” बाई म्हणाल्या.

“मी म्हणालो होतो ना, बघतो.”

“बघतो म्हणालात. केली म्हणाला नाहीत.”

सरांच्या हातातला पाना तसाच राहिला. “अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही,” ते हळूच म्हणाले. “एवढं जाहीर होऊ द्या. मागाहून सुधारू.”

“नाही. आजच कळवते.” बाई वर जायला निघाल्या.

हिशेब पुन्हा झाला. घरचे वाढले, पाहुण्यांना जागाच उरली नाही. तो आकडा इतका काटेकोर होता की तसा आजवर कुणी काढला नव्हता. पण सोहळा रद्द झाला. चुकीच्या आकड्यासाठी हार मागवणारे लोक बरोबर आकड्याला फिरकले नाहीत.

नवी नळी आली आणि मला वर्कशॉपच्या टेबलावर आणून ठेवलं. बाई मला पुसत होत्या तेव्हा त्यांच्या आईचा फोन आला.

“सापडलं का गं तुझं ते?”

“नाही, आई.”

“मग इतकी वर्षं करत काय होतीस?”

“मोजत होते.”

“नीट मोजलंस ना?”

“हो. आता नीट मोजलंय.”

“मग जेवून घे.”

बाई टेबलाला टेकून कितीतरी वेळ रडल्या. मला पुसायचं फडकं डोळ्यांना लावलं त्यांनी.

आता मी कपाटात असते. माझ्यावर कुणीतरी ‘भंगार?’ अशी चिठ्ठी डकवलीय. खुशाल न्या. फक्त एक ऐका. उद्या कुणाला तरी खरे पाहुणे सापडतील, आणि त्यालाही आधी घरचे वजा करावेच लागतील. ते आमच्याच आकड्याने करावे लागतील. तेव्हा टाळ्या वाजल्या, तर त्यातली एक माझ्या बाईंसाठी वाजवा.