दारातला काळोख

फोटोत सगळं लख्ख दिसत होतं, आणि तेच दादाच्या मुळावर आलं होतं.

फोटो काढला होता त्याच्याच धाकट्या बहिणीने. कंपनीत सगळे तिला फोटोवाली म्हणत. दादा तेवढा 'ठमे' म्हणायचा. त्या दुपारी दादा फोर्कलिफ्ट घेऊन उन्हातल्या आवारातून गोदामात शिरला आणि दाराच्या आतच उभ्या असलेल्या हमालाला धडकला. हमालाचा पाय मोडला. अपघात झाला की काहीही हलवायच्या आधी फोटो घ्यायचा, असा तिथला नियम. हिला बोलावणं आलं. गाडी कोण चालवत होतं, हे तिला तिथे पोचल्यावरच कळलं.

तरी काम चोख केलं पठ्ठीने. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत मिट्ट काळोख. एका फोटोत दोन्ही मावेना. मग कमीजास्त उजेडाचे फोटो घेऊन तिने एकाच फाइलमध्ये बसवले. पण एवढा फरक साध्या मॉनिटरला कुठला झेपायला! म्हणून नेहमीच्या सवयीने ऊन दाबलं, काळोख उचलला. आवारातला खडा न् खडा दिसला आणि आतला हमालाचा पिवळा हातगाडाही दिसला. साहेबांनी तिचं कौतुकसुद्धा केलं.

आज चौकशीच्या खोलीत मॉनिटरवर तोच फोटो होता. समोर चौकशीबाई, एका कडेला हमालाची बायको, दुसऱ्या कडेला दादा, मान खाली घालून.

"एवढा पिवळाधमक गाडा," चौकशीबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही म्हणता, आत काहीच दिसलं नाही? कुणाला बनवताय?"

दादाचं लायसन्स जाणार हे तर दिसतच होतं. पण फोटोवालीला टोचत होतं ते त्याचं कालचं बोलणं. जेवता जेवता म्हणाला होता, "तुझ्या फोटोत दिसतंय ना ठमे, मग माझंच लक्ष नसणार." काय म्हणावं या माणसाला! स्वतःच्या डोळ्यांपेक्षा बहिणीच्या फोटोवर भरवसा!

ती ताडकन उठली. "मॅडम, हा फोटो मी केलाय. असं तिथे कुणालाच दिसत नाही."

"म्हणजे फोटो खोटा?"

"खोटा नाही. सगळं दिसावं म्हणून मीच दाबून-उचलून बसवलाय. मूळ फाइल दाखवते."

तिने फाइल उघडली आणि उजेडाची पट्टी सरकवली. आवार उन्हात उजळलं. गोदामाचं दार काळं ठिक्कर पडलं. हातगाडा गायब.

"वा!" चौकशीबाई हसल्या, पण ते हसू काही बरं नव्हतं. "भावासाठी फोटो काळा करताय?"

फोटोवालीचे कान तापले. मग तिने माऊस सरळ त्यांच्यापुढे ठेवला. "तुम्हीच सरकवा. खिडकीतून ते दार दिसतं, ऊनही तसंच आहे. बाहेर बघा आणि जुळवा."

चौकशीबाई उठल्या. खिडकीतून खाली बघितलं, मॉनिटरकडे बघितलं. पट्टी थोडी इकडे, थोडी तिकडे. पुन्हा खिडकी. शेवटी त्यांनी माऊस सोडला. मॉनिटरवरचं दार काळंच होतं.

"खरंय," त्या म्हणाल्या. "काही दिसत नाही."

फोटोवालीने सुटकेचा निःश्वास टाकला. दादाने मान वर केली. डोळ्यांत पाणी तरळलं होतं त्याच्या. तेवढ्यात हमालाची बायको बोलली, अगदी हळू.

"भाऊ, दिसत नव्हतं, तर थांबला का नाहीत?"

झालं! बहिणीचा जीव पुन्हा टांगणीला. सांग काहीतरी, ती मनात म्हणत होती, घाई होती म्हण, साहेबांचं नाव घे.

दादा काळ्या दाराकडे बघत राहिला. "रोज असंच दिसतं, वहिनी. रोज तसाच आत जातो. रोज कुणी नसतं."

चौकशीबाईंनी पेन उचललं. "खोटं बोलले, हे मी अहवालातून काढते. थांबले नाहीत, हे राहणार. लायसन्सचं मग अवघड आहे."

"राहू द्या," दादा म्हणाला.

हमालाची बायको खुर्ची ओढून मॉनिटरजवळ आली. "ताई, एकदा उजेड करा. हे कुठे उभे होते, बघू दे मला."

फोटोवालीने पट्टी दुसऱ्या टोकाला नेली. आवार पांढरंफटक जळून गेलं आणि काळोखातून पिवळा हातगाडा वर आला. त्याच्याशेजारी उलटी पडलेली एक चप्पल होती.

दादा उठून जवळ आला आणि वाकून बघू लागला.

"इतका जवळ होता होय," तो म्हणाला.